न ऐकलेलं उत्तर

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गोव्यातल्या डिचोलीच्या ज्या हायस्कुलात मी पाचवीपासून गेले, तिथूनच ती दहावी झाली होती. त्यामुळे तिथले बरेचसे शिक्षक मला वर्गात भेटण्याआधीच घरी, जेवताना भेटले होते. त्यातही विज्ञानाचे सर सगळ्यांत जास्त.

बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. दोडामार्गाकडचं गाव सोडून आम्ही डिचोलीजवळ सर्वणला भाड्याच्या घरात राहायला आलो, तेव्हा मी अगदी लहान होते. ताई शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी सरांचं काहीतरी सांगायची. सर उत्तराला कधी बरोबर म्हणत नाहीत, चूकही म्हणत नाहीत. ते फक्त विचारतात, "कशावरून?" मुलगा गडबडतो, दुसरा उठतो, त्यालाही तेच. तास संपेपर्यंत वर्ग आपापसांत भांडत असतो आणि सर खिडकीशी उभे राहून प्रत्येकाचं नीट ऐकत असतात. आई म्हणायची, "मगे ते शिकवतत कधी?" ताईला याचं उत्तर देता यायचं नाही. पण तिला घरातही तीच खोड लागली होती. मी म्हटलं, बाहेर ऊन आहे, तर ती म्हणायची, कशावरून? मी तिला चिमटा काढायची.

"आणि शाबास?" मी एकदा विचारलं होतं.

"सरांकडून शाबास? तीन वर्षांत एकदाही नाही," ती म्हणाली. असं म्हणताना तिला वाईट वाटत नव्हतं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

आमच्याकडे चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत गेलं की सगळं इंग्रजीत. गावातल्या मराठी शाळेत मी बडबडी होते. हायस्कुलात गेल्यावर माझी वाचा बसली. उत्तर डोक्यात मराठीत यायचं, त्यातही घरच्या मालवणीत, आणि ते इंग्रजीत न्यायचं म्हणेपर्यंत पुढच्या बाकावरचं कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असायचं. पाचवी, सहावी, सातवी अशी गेली. प्रगतिपुस्तकावर शेरा यायचा की मुलगी शांत आहे. बाबांना तो चांगला वाटायचा.

आठवीत विज्ञानाला सर आले. ताई सांगायची त्यापेक्षा ते मला म्हातारे वाटले. केस पांढरे, शर्ट कडक इस्त्रीचा, हातात खडू. वर्गात आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "उत्तर मराठीत द्या, कोंकणीत द्या, हातवारे करून द्या. इंग्रजी आपण मागाहून बघू." मग त्यांनी विचारलं, थंड पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम का येतो?

उत्तर मला ठाऊक होतं. निदान तसं मला वाटत होतं. आमच्या घरी मातीचं मडकं होतं आणि ते बाहेरून सदा ओलं असायचं, पाणी त्यातून झिरपतं म्हणून. मी हात वर केला. तीन वर्षांनी पहिल्यांदा. सर दोन बाकांमधून माझ्याजवळ आले, किंचित वाकले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मडक्यासारखं पाणी आतून झिरपतं, सर. तांब्याच्या धातूलाही बारीक भोकं असणार."

"शाबास!" सर म्हणाले. "बस."

पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर शंका होती, पण सरांनीच शाबास म्हटल्यावर तिला काही बोलता येईना. मी खाली बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते. उरलेल्या तासात काय झालं, ते आजही मला आठवत नाही.

त्या दिवशी बस चुकली तरी मला काही वाटलं नाही. ताई तेव्हा पणजीला लॅबचा कोर्स करत होती. संध्याकाळी ती येईपर्यंत मी दारातच बसून होते.

"सरांनी मला शाबास म्हटलं."

"आमच्या सरांनी?" तिनं चप्पल काढता काढता थांबून विचारलं. "तुका?"

"माकाच. सगळ्यांसमोर."

तिनं दुसरीही चप्पल काढून भिंतीशी ठेवली. मग म्हणाली, "सर म्हातारे झाले असतले." उत्तर काय दिलंस, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. शाबासकी मिळाल्यावर उत्तराचं काय एवढं, असं मला वाटलं.

त्यानंतर मी बोलायला लागले. विज्ञानाच्या प्रत्येक तासाला माझा हात वर असायचा. सर जवळ यायचे, वाकायचे, तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "शाबास, बस." इतरांनाही म्हणायचे, पण मला ते माझंच वाटायचं. विज्ञानात बोलते म्हणून मग भूगोलातही बोलू लागले, इंग्रजीच्या टीचरनासुद्धा मोडकंतोडकं उत्तर देऊ लागले. शाळेत सगळे सरांचं कौतुक करत. पालकसभेहून आलेली आई म्हणाली, लोक म्हणतात सर आता खूप मऊ झाले, पूर्वी पोरांना उभं करून घाम फोडायचे. आपली मुलं बोलती झाली म्हणून आईबाप खूश होते.

घटक चाचणीचा पेपर हातात आला तेव्हा मात्र मी गोंधळले. तांब्याचा प्रश्न आला होता. मी वर्गात सांगितलं तेच उत्तर जमेल तशा इंग्रजीत लिहिलं होतं. त्याला शून्य. आणि समासात लाल शाईनं, इंग्रजी पेपरावर, मराठीत एकच शब्द होता: कशावरून?

मी पेपर ताईला दाखवला. तो शब्द बघून तिचा चेहरा फुलला. "हे माझे सर!" ती म्हणाली. मग तिनं माझं उत्तर वाचलं आणि हसायलाच लागली. तिच्या वर्गात एका मुलानं अगदी हेच उत्तर दिलं होतं. सर चूक म्हणाले नाहीत. त्यांनी कुणाच्या तरी घरून सोलांचं, म्हणजे कोकमाचं, आगळ आणायला लावलं, दुसऱ्या दिवशी शिपायाकडून थंड पाणी मागवून त्यात ते मिसळलं आणि ते लालभडक पाणी तांब्यात भरून टेबलावर ठेवलं. सगळा वर्ग तांब्याभोवती जमला. बाहेरून थेंब आले ते स्वच्छ, पाण्यासारखे. सर त्या मुलाला म्हणाले, बोट लाव, चाख. तो म्हणाला, सर, आंबट नाही. मग सरांनी विचारलं, मग हे पाणी आलं कुठून? आणि वर्ग पुढचा सगळा तास त्यावर भांडला.

"तो पोरगा मरेपर्यंत विसरायचा नाही ते," ताई म्हणाली.

"पण मग मला वर्गात शाबास कसं म्हणाले?"

"तू वेगळं काहीतरी बोलली असशील."

मी वेगळं काही बोलले नव्हते. पण तिच्याशी वाद घातला नाही. माझं इंग्रजीच चुकलं असेल, अशी मी समजूत घातली.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. माझ्या शेजारी बसायची ती मैत्रीण भारी खट्याळ होती. एकदा सरांनी काहीतरी विचारलं आणि हिनं हात वर केला. मला नवल वाटलं, कारण तिचं पुस्तकच उघडलेलं नव्हतं. सर जवळ आले, वाकले. ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "सर, आज आमगेर पदेर आयलो ना." आज आमच्याकडे पाववाला आला नाही.

"शाबास," सर म्हणाले. "बस."

 मग जो हशा फुटला, त्यात सरही हसले. मुलं कशावर तरी खूश झाली, एवढंच त्यांना दिसलं असणार.

त्यानंतर तो खेळच झाला. कुणी क्रिकेटचा स्कोअर सांगायचं, कुणी मासळीचा भाव. सगळ्यांना शाबास. माझा हात मात्र खाली आला. मी रोज बाकावर बसून आठवत राहायची की आपण जूनपासून काय काय बोललो, आणि त्यातलं किती बरोबर होतं. जी शाबासकी मी इतके दिवस मनात जपली होती, ती पाववाल्यालाही मिळाली होती. राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं.

सरांच्या ते लक्षात आलं. त्यांना दिसायचं सगळं. एक दिवस ते माझ्या बाकापाशी येऊन थांबले. "हल्ली तू गप्प का?" त्यांनी विचारलं. "बोल, बोल."

मी उभी राहिले. मनात होतं तेच तोंडून निघालं. नेहमीच्याच आवाजात मी विचारलं, "सर, तुम्हाला ऐकू येतं का?"

सर वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे डोळे जरा बारीक झाले. मग ते हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास."

त्या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढच्याच शनिवारी ती शाळा सुटायच्या वेळी सरांना भेटायला गेली. मी फाटकाशी उभी राहिले. दोघं व्हरांड्यात उभे होते. ताई बोलत होती, हातांनी काहीतरी दाखवत होती. सरांनी आधी मान हलवली, मग चष्मा काढून पुसला.

बसमध्ये ती म्हणाली, "मशीन घेतलंय त्यांनी कानाचं. वर्गात लावून बघितलं. पण बाकं सरकतात, पंखे फिरतात, पावसाळ्यात वर पत्रा वाजतो, ते सगळं एकदम कानात घुसतं आणि मुलांचं बोलणं त्यात बुडून जातं. म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलंय."

"मग शाळेत सांगत का नाहीत?"

"सांगितलं तर वर्ग काढून घेतील म्हणतात. निवृत्तीला थोडाच वेळ राहिलाय. कुणाला सांगू नको म्हणाले." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला विनवत होते गो. आमचे सर."

आम्ही कुणाला सांगितलं नाही. पण अशा गोष्टी वर्गात किती दिवस राहणार? कुणाच्या तरी घरी कळलं, तिथून मुख्याध्यापिकांकडे गेलं असावं. एका सकाळी त्या आमच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. सरांनी त्यांना नमस्कार केला आणि शिकवायला लागले. त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फळ्यावर हृदयाची आकृती काढली, नावं घातली, समजावून सांगितलं. फार सुंदर शिकवलं. मुलंही इतकी शहाण्यासारखी बसली होती की बघणाऱ्याला वाटावं, या वर्गात काही बिघडलेलंच नाही.

शेवटी मुख्याध्यापिका मागून म्हणाल्या, "सर, मुलांना काही विचारा ना."

सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. ते लिहीतच राहिले.

"सर," त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या. "मुलांना प्रश्न विचारा."

खडूचा आवाज चालूच होता. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो होतो. तेवढ्यात माझ्या शेजारची ती मैत्रीण उठली. पहिल्यांदा पाववाल्याचं बोलली होती तीच. ती फळ्याजवळ गेली, तिनं हलकेच सरांच्या कोपराला हात लावला आणि मागच्या बाकाकडे बोट केलं. सर वळले. तिच्याकडे बघितलं, मुख्याध्यापिकांकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि हात झाडले.

तिला त्यांची मदत करायची होती. मधल्या सुट्टीत ती नळाशी उभी राहून इतकी रडली की तिला घरी पाठवावं लागलं. आम्ही तिला समजावत होतो, पण काय समजावावं ते कुणालाच कळत नव्हतं.

त्यानंतर सर वर्गावर आले नाहीत. त्यांना ग्रंथालयात बसवलं. जाता येता दारातून दिसायचे, पुस्तकांना कव्हरं घालत असायचे. आमच्याकडे नवीन टीचर आल्या. त्या नोट्स सांगायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो. प्रश्न त्या विचारत नसत, त्यामुळे बरोबर किंवा चूक म्हणायची वेळच येत नसे. आमच्या वर्गाला विज्ञानात गुण चांगले पडले. तरी अकरावीत मी विज्ञान घेतलं नाही. बाबांनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, झेपायचं नाही.

पुढे मी डीएड केलं आणि आता पेडण्याच्या बाजूला एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. ताई साखळीला एका लॅबमध्ये रक्त तपासते. लहान मुलांच्या हातात पाटी दिली आणि एकदम सगळ्यांना वर करायला सांगितली की कुणाला काय येतं ते एका नजरेत कळतं, ऐकावं लागत नाही. हे मी माझ्या वर्गात पहिल्यांदा केलं तेव्हा पाट्या खाली घ्या म्हणायचं मी विसरूनच गेले. इतकी साधी गोष्ट होती. चाळीस पाट्या. सरांना सुचली नाही, मुख्याध्यापिकांना सुचली नाही, शिक्षकांच्या खोलीत कुणालाच सुचली नाही. सुचण्यासाठी आधी कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ते ऐकून घ्यायला हवं होतं. सर लपवत राहिले, आणि कळल्यावर शाळेनं त्यांना बाजूला केलं. मधलं काही झालंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात ताई म्हणाली, सर नार्व्याला असतात, भेटून येऊ. सप्तकोटेश्वराच्या देवळावरून पुढे, नदीच्या बाजूला त्यांच्या मुलाचं घर आहे. सर ओट्यावर बसले होते. दोन्ही कानांत मशीन होतं, आता चांगलं, लहानसं. शांत घरात, एका वेळी एक माणूस बोललं तर त्यांना नीट ऐकू येत होतं. ताईला त्यांनी लगेच ओळखलं. मला ओळखलं नाही. मी शेवटच्या वर्गातली, असं सांगितल्यावर त्यांनी नजर वळवली आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

सुनेनं थंडगार सरबत आणून दिलं. मी बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी बोलले. म्हटलं, "सर, तुम्ही आठवीत पहिल्यांदा विचारलं होतं, तांब्याला घाम का येतो. मी उत्तर दिलं होतं. तुम्ही ऐकलं होतं का?"

"नाही," ते म्हणाले. "त्या वर्षी मी जवळजवळ काहीच ऐकलं नाही. तोंडाकडे बघून अंदाज करायचो. मूल धीटपणे बोललं की बरोबर असेल असं धरायचो." मग विचारलं, "काय सांगितलं होतंस?"

मी मडक्याचं सांगितलं. धातूच्या बारीक भोकांचंही.

सर डोळे मिटून ऐकत होते. "चूक," ते म्हणाले. "पण चांगलं होतं. विचार केला होतास तू." त्यांनी डोळे उघडले. "यावर तुला मी एक प्रयोग दाखवला असता."

"ताईनं सांगितला, सर. सोलांचा."

"सांगणं वेगळं," ते म्हणाले.

 ते समोरच्या माडांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "चूक म्हणायचं तर ऐकावं लागतं. शाबास म्हणायला काहीच लागत नाही. मला वाटायचं, एवढं तरी मुलांना द्यावं. पेपर तपासताना कळायचं की वर्गात आपण काय करून ठेवलंय. तरी दुसऱ्या दिवशी परत तेच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू पुढे विज्ञान घेतलंस?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं, त्यांना हे सांगितलं की मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. उलट त्यांचा चेहरा बघून वाटलं, ऐकलं होतं का, हा प्रश्न मी त्यांना विचारायलाच नको होता. पण विचारला नसता तर तो मी घरी परत घेऊन आले असते, इतकी वर्षं बाळगला तसाच.

मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. खाणी, पाऊस, कोण कुठे असतं. ताई फारसं बोलत नव्हती. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती, मधूनच काहीतरी म्हणायला तोंड उघडायची आणि सुनेनं काही विचारलं की परत मिटायची.

निघताना सर नको म्हटलं तरी स्टॉपपर्यंत आले. रस्त्यावर आल्यावर त्यांनी कानातली मशिनं काढून खिशात ठेवली, वाऱ्यानं फार आवाज होतो म्हणाले. बस लगेच आली. मी चढले. ताई पायरीवर एक पाय ठेवून मागे वळली आणि भडाभडा बोलायला लागली. सर, मी आज रिपोर्टवर सही करण्याआधी परत एकदा बघते ते तुमच्यामुळे. सर, मला जे काही येतं ते तुम्ही शिकवलंत. इंजिन धडधडत होतं, कंडक्टर चला चला करत होता. सर तिच्या तोंडाकडे बघत, किंचित वाकून उभे होते. ती थांबल्यावर त्यांनी हसून हात वर केला.

बस सुटली. ताईनं पदरानं डोळे पुसले.

"दुपारभर बसलो होतो गो तिथं," ती म्हणाली. "तेव्हाच बोलायला काय झालं होतं मला?" आणि थोड्या वेळानं, "ऐकलं असेल का त्यांनी?"

मी खिडकीतून मागे वळून बघितलं. नदी दिसेनाशी झाली होती आणि डिचोलीचा रस्ता लागला होता.